दुखणे लपवू नका, गोठ्याची हकीकत सांगा



आंब्यावरील तुडतुड्यांची सभा आटोपून मी आरे-वारेहून निघालो, तेव्हा एक गृहस्थ मागे रेंगाळले. मंडळी पांगल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, काल रात्री एकाएकी अंडाला कळा सुरू झाल्या. घरात सांगायची लाज वाटते."

मी डॉक्टर नव्हे. रिक्षा बोलावून त्यांना थेट रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात नेले.

डॉक्टरांनी प्रथम वृषणाला पीळ पडला आहे का, ते पाहिले. पीळ पडला की रक्त पोचत नाही. साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर वृषण गमावण्याची पाळी येते. हे १२ ते १८ वयाच्या मुलांत अधिक आढळते. मुलगा लाजून नुसते "पोट दुखते" म्हणतो, उलट्या करतो. अशा वेळी आईवडिलांनी आवर्जून विचारावे. शेकत, तेल चोळत बसू नये.

या गृहस्थांना पीळ नव्हता. अंतर्गळ नव्हता, मुतखडा नव्हता, गालगुंडही झालेले नव्हते. मग वाटेत ऐकलेले मी डॉक्टरांना सांगितले. पंधरा दिवस संध्याकाळी ताप, घाम आणि कंबरदुखी होती. महिन्यापूर्वी त्यांच्या गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला आणि अडकलेला जार यांनी उघड्या हातांनी ओढून काढला होता. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला पाठवले. निघाला ब्रुसेलोसिस, म्हणजे आपण गुरांत ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतो तोच रोग!

याचे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टा बेटावर शोधले. तिथला ताप शेळीच्या कच्च्या दुधातून येतो, हे १९०५ नंतर उघड झाले. माणसात हा रोग क्वचित वृषणावर उतरतो. औषध निदान ६ आठवडे घ्यावे लागते. मध्येच सोडले तर रोग उलटतो.

म्हणून गाभ टाकलेले जनावर वेगळे बांधा. जार व मेलेले वासरू हातमोजे घालूनच उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दूध उकळूनच प्या. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-वगारींना एकदा लस टोचून घ्या. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तिचा समावेश आहे.

आमचे गृहस्थ आता बरे आहेत. लाजेपायी त्यांनी रात्र काढली, ती नशिबाने निभावली. पीळ असता तर निभावली नसती. तुम्ही मात्र दुखणे उठताच १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गोठ्यात काय घडले तेही सांगा.