मुलांसाठीं मालिका : एक उपेक्षित व्यवसाय

शाळेचा शेवटचा वर्ग जवळ आला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : मुलानें पुढें काय व्हावें ? आमच्या चांदवडांतहि ह्याचीं उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक, सरकारी अधिकारी. घरची शेती किंवा दुकान असेल तर तें. हे सर्वच व्यवसाय आदरणीय आहेत. परंतु ह्या यादींत ज्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं, असा एक व्यवसाय आज वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें. तो म्हणजे दूरदर्शनवर मुलांसाठीं मालिका निर्माण करणें व त्यांचें दिग्दर्शन करणें. हें काम करमणुकीचें, म्हणून तें हलकें, अशी समजूत आहे. आमच्या मतें तें शिक्षकाच्या कामाइतकेंच जबाबदारीचें आहे. आणि समाज त्याची किंमत ओळखीत नाहीं तेव्हां नुकसान मुलांचें होतें.

प्रथम आपल्याच जिल्ह्याकडे पाहूं. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं प्रदर्शित झाला, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं वाटाण्याचें बीं कुंडींत पेरलें, तें उगवून वाढेपर्यंत दिवसेंदिवस त्याचें चित्रण केलें, आणि कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर पाहतां पाहतां घडवून दाखविली, ही हकीकत थोड्यांनाच माहीत असते. वर्गांत जी गोष्ट फळ्यावर काढून समजावितांना शिक्षकाचा तास संपतो, ती चित्रानें क्षणांत समजते. पुढें १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटांत बालकृष्णाची भूमिका त्यांनीं आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिच्याकडून करवून घेतली. शिकविण्याचें व रमविण्याचें सामर्थ्य ह्या कलेंत तिच्या जन्मापासूनच आहे, हें यावरून दिसेल.

आतां हा व्यवसाय म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. निर्माता हा केवळ पैसा उभा करणारा गृहस्थ नव्हे. विषय निवडणें, लेखक गांठणें, माणसें जमविणें, दिवसांचा व खर्चाचा मेळ घालणें, आणि ठरलेल्या दिवशीं भाग तयार ठेवणें, हा सर्व भार त्याच्यावर असतो. कॅमेऱ्यानें काय पाहावें व नटानें कसें बोलावें, हें दिग्दर्शक ठरवितो. मोठ्यांच्या मालिकेंत एवढें पुरतें. मुलांच्या मालिकेंत मात्र दोघांनाहि मूल ओळखतां यावें लागतें. कंटाळलेला मोठा माणूस भिडेखातर बसून राहील. मूल उठून अंगणांत जाईल.

अमेरिकेंत १९६९ सालीं ‘सेसमी स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली, तेव्हां तिच्या कर्त्यांनीं ह्याच गोष्टीची परीक्षा घेतली. मुलाला कार्यक्रम दाखवीत असतां शेजारीं दुसरीं चित्रें बदलत ठेवावयाचीं, आणि त्याची नजर कोणत्या क्षणीं ढळते याची नोंद करावयाची, अशी ती रीत होती. जेथें नजर ढळे तेथें दोष मुलाचा न मानतां कार्यक्रमाचा मानीत. शिक्षकांनीं आणि आईबापांनींहि हा धडा घेण्यासारखा आहे.

ह्या क्षेत्रांत मराठी माणसांनीं मोलाचें काम केलें आहे. १९२१ सालीं मुंबईंत जन्मलेल्या विजया मुळे यांनीं १९७४ सालीं ‘एक अनेक और एकता’ हा छोटासा चित्रपट केला. देशांतील कित्येक पिढ्यांस ऐक्याचा अर्थ प्रथम त्यानें समजाविला. १९७५–७६ मध्यें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत उपग्रहाच्या द्वारें कार्यक्रम पोहोंचविण्याचा प्रयोग झाला, त्यासाठीं शैक्षणिक चित्रपट तयार करण्याची कामगिरीहि त्यांच्याकडे होती. सई परांजपे यांचें ‘मुलांचा मेवा’ हें पुस्तक त्या आठ वर्षांच्या असतांना निघालें. पुणें आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम, राष्ट्रीय नाट्यविद्यालयांत शिक्षण, मग दिल्ली दूरदर्शनवर निर्मिति, अशा पायऱ्या त्या चढल्या. बालचित्र समितीचें अध्यक्षपद त्यांनीं दोनदां भूषविलें. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ राजदत्त यांनीं छोट्या पडद्यावर आणला, त्याची आठवण आजच्या पालकांपैकीं अनेकांस असेल.

असें असूनहि ह्या कामाची आपण कशी बूज राखली ? १९८४ सालीं पुण्यांत ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली. मराठी मुलांसाठीं शैक्षणिक कार्यक्रम करणें हेंच तिचें काम होतें, आणि तिनें ते हजारोंनीं केले. परंतु केंद्राचें अनुदान थांबलें, संस्था अडचणींत आली, आणि २०१७ सालीं ती बंद करण्यांत आली. पुढें तीनच वर्षांत, २०२० सालीं, साथीमुळें शाळांना कुलपें लागलीं. ज्या घरीं मोबाईल नव्हता किंवा असून त्याला रेंज नव्हती, तेथें दूरदर्शन हाच आधार उरला. तेव्हां एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं असलेली मालिका जुलै महिन्यांत सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. तिच्या कर्त्यांचे आम्ही आभारी आहों. तरीहि मनांत येतें कीं, तहान लागल्यावर विहीर खणणारांनीं हातची विहीर आधीं कां बुजवावी ? यंत्रें पुन्हा विकत मिळतात. मुलांसाठीं काम करून करून जाणत्या झालेल्या माणसांचा संच एकदां विखुरला म्हणजे तो पुन्हा जुळावयास पिढी लागते.

पालक म्हणतील, “संस्थाच बंद पडतात, तर मुलास ह्या वाटेनें कशाला धाडावें ?” ही शंका खोटी नाहीं. ह्या व्यवसायांत मिळकत नियमित नसते, आणि पहिलीं कांहीं वर्षें हाताखालीं राबण्यांत जातात. परंतु बेभरवशाच्या पावसावर कांदा लावणाऱ्या तालुक्यानें अनिश्चिततेला भ्यावें, हें आम्हांस पटत नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, पाया भक्कम असावा. प्रथम पदवी घ्यावी; नंतर पुण्याची फिल्म आणि टेलिव्हिजन संस्था, जी १९६० सालीं स्थापन झाली, तिच्यासारख्या ठिकाणीं रीतसर शिक्षण घ्यावें. आणि ज्यांस आपलें लहान मूल आतांच पडद्यावर दिसावें असें वाटतें, त्या पालकांनीं कायदा ध्यानांत ठेवावा : बालकलाकाराकडून दिवसाला पांच तासांहून अधिक व विश्रांतीवांचून सलग तीन तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं, आणि त्याच्या कमाईचा निदान पांचवा हिस्सा त्याच्याच नांवें बँकेंत ठेवावा लागतो.

विद्यार्थ्यांनीं तयारी आजच करावी. तिला पैसा लागत नाहीं. धाकट्या भावंडास रोज एक गोष्ट सांगा, आणि तें कोठें हसलें, कोठें जांभई दिली, हें वहींत टिपून ठेवा. रंगमहालाच्या भिंतींवरील चित्रें पाहून, दुसरींतल्या मुलाला समजेल अशी त्यांची हकीकत दोन पानांत लिहा. स्नेहसंमेलनांत नायकाच्या कामासाठीं सर्वच भांडतात. एखाद्यानें पडद्यामागील व्यवस्था मागून घ्यावी. मुलांसाठीं जें आपण करणार नाहीं, तें दुसरे कोणी तरी, दुसऱ्या भाषेंत आणि स्वतःच्या नफ्यासाठीं करतील. आणि मुलें तेंच पाहत मोठीं होतील. म्हणून ह्या वर्षीं एखाद्या घरीं मुलानें वा मुलीनें ह्या व्यवसायाचें नांव काढलें, तर वडील मंडळींनीं हसून तें उडवून न लावतां निदान एक संध्याकाळ त्याचा विचार करावा, एवढीच आमची विनंति आहे.