साठ की आठ?

‘साठ’ या शब्दातील पहिले व्यंजन ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही, तर मागे ‘आठ’ उरतो. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती निमिषमात्राची बाब असते. कापडाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती बावन्न ताग्यांची तफावत होय.

पुढील चित्र कोणा एका पेढीचे नाही. परंतु अनेक घरांना ते ओळखीचे वाटावे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी ज्या वस्तीला नवा चेहरा दिला, त्या शीव कोळीवाड्यात कुटुंबाचे किरकोळ विक्रीचे दुकान आहे. हार्बर मार्गावरील जुन्या कोळीवाडा स्थानकाचे नाव आता गुरु तेग बहादूर नगर झाले, तरी दुकानाचा पत्ता अजूनही कोळीवाडाच सांगितला जातो. मूळ पेढी काळबादेवीस आणि गोदाम भिवंडीस. या तिन्ही ठिकाणचे दूरध्वनी आता इंटरनेटच्या जोडणीवरून चालतात. वेगळे दूरध्वनी बिल येत नाही, म्हणून सर्व समाधानी आहेत.

लग्नसराईत एका सायंकाळी दुकानातून धाकट्या शेठांनी गोदामात साठ तागे मागितले आणि सकाळी टेंपोतून आठ आले. पंधरा दिवसांत हेच दुसऱ्यांदा घडले आणि एक जुने गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले. गोदामाचे मुनीमजी तीस वर्षे त्याच गादीवर बसलेले. धाकटे शेठ त्यांना म्हणाले, “मुनीमजी, आता कान तपासून घ्या.” पेढीवर त्यांच्या जागी तरुण माणूस नेमण्याची कुजबुज सुरू झाली. मुनीमजींनी स्वखर्चाने कान तपासून घेतले. अहवाल निर्दोष आला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “शेठ, माझा कान तपासला. आता तार तपासा.”

तार तपासायची, तर आधी तिच्यातून काय वाहते हे समजले पाहिजे. इंटरनेटवरून आवाज सलग धारेने जात नाही. त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा क्रमांक घातलेल्या वेगळ्या पाकिटातून पाठविला जातो. प्रचलित जी.७११ पद्धतीत एका पाकिटात साधारणतः २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. म्हणजे एका सेकंदाला ५० पाकिटे एका दिशेने आणि ५० उलट दिशेने. हिशेबाची फाईल पाठविताना एखादे पाकीट हरवले, तर ते पुन्हा मागविता येते. बोलण्यात तशी सोय नसते. उशिरा आलेले अक्षर हे न आलेल्या अक्षराइतकेच निरुपयोगी असते, म्हणून हरवलेले पाकीट सोडून संभाषण पुढे जाते.

शंभरात एक पाकीट हरवले, तर सरासरीने दर दोन सेकंदांना एक तुकडा गळतो. तो एकटा असेल, तर यंत्र आजूबाजूच्या आवाजावरून पोकळी भरून काढते आणि कानाला फारसे कळत नाही. परंतु पाकिटे बहुधा एकेकटी हरवत नाहीत, घोळक्याने हरवतात. लागोपाठ पाच गेली की १०० मिलिसेकंद गेले. ‘साठ’मधला ‘स’ तेवढ्यातच नाहीसा होतो.

दुसरा दोष विलंबाचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार बोललेला शब्द एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर संभाषण सहज वाटते. त्याहून बराच उशीर झाला, की दोघे एकदम बोलतात आणि दोघे एकदम थांबतात. १९९४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने आपले सौदे उपग्रहाच्या छत्र्यांवरून देशभर नेले. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९९९ मध्ये उभारलेले बँकांचे ‘इन्फिनेट’ जाळेही आरंभी उपग्रहावरच होते. उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जातो. आकड्यांच्या व्यवहाराला तो खुपत नाही, बोलण्याला खुपतो. याउलट काचेच्या तंतूतून १०० किलोमीटर जाण्यास प्रकाशाला अवघा अर्धा मिलिसेकंद लागतो. तेव्हा कोळीवाडा आणि भिवंडी यांच्यात दोन-तीनशे मिलिसेकंदांचा विलंब दिसला, तर त्याचे कारण अंतर नसते. वाटेत कोठेतरी रांग लागलेली असते.

तिसरा दोष अनियमिततेचा. काही पाकिटे वेळेवर, काही रेंगाळत. ग्राहक यंत्र ती क्षणभर साठवून क्रमाने लावते. परंतु साठवणुकीची मुदत संपल्यावर आलेले पाकीट फेकले जाते. अशा वेळी पाकीट पोहोचूनही हरवल्यासारखेच होते.

दोष शोधण्याची रीत मात्र पेढीला नवी नाही. तेरीज जुळली नाही, तर जाणता हिशेबनीस पहिल्या पावतीपासून सर्व कागद उलटीत बसत नाही. कोणत्या खातेवहीपर्यंत बेरीज जुळते आणि कोठून फरक पडतो, हे तो आधी पाहतो. फरकाला नवाने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हा त्याचा पहिला तर्क असतो. फरकाचे रूपच कारणाकडे बोट दाखविते.

येथेही तसेच करावे. संगणकावर ‘पिंग’ नावाची सोपी आज्ञा असते. ती समोरच्या यंत्राला हाक मारते आणि ओ किती वेळात आली, किती हाका वाया गेल्या, हे मोजते. दुकानाच्या संगणकावरून प्रथम दुकानाच्याच राउटरला, मग काळबादेवीला, मग भिवंडीला प्रत्येकी ३०० हाका माराव्यात. एकदा सकाळी शांत वेळी आणि एकदा तक्रारीच्या वेळी. नंतर काळबादेवीहून भिवंडीलाही माराव्यात. आकडे तारीख-वेळेसह वहीत मांडावेत. वाटेतील मधली यंत्रे कित्येकदा हाकेला ओ देण्याचे काम मागे टाकतात. म्हणून मध्येच तूट दिसली, पण शेवटच्या मुक्कामी ती नसेल, तर ती तूट खरी मानू नये.

आपल्या चित्रातील पेढीची वही अशी बोलली. सकाळी सर्व मार्ग स्वच्छ. सायंकाळी सातनंतर काळबादेवी ते भिवंडी स्वच्छच. परंतु कोळीवाड्याशी जोडलेल्या दोन्ही मार्गांवर तीनशेपैकी अठरा हाका वाया आणि उरलेल्यांचा वेळ दहा मिलिसेकंदांवरून चारशेपर्यंत चढलेला. दुकानातील राउटरपर्यंतची तार निर्दोष. म्हणजे दोष गोदामात नव्हता. तो दुकानाच्या उंबरठ्यावर होता. शिवाय दुकानात मुनीमजींचा आवाज स्पष्ट येत असे, दुकानाचा आवाज मात्र त्यांच्याकडे तुटत असे. तेव्हा कोंडी बाहेर जाणाऱ्या दिशेला होती.

कारणही लवकरच सापडले. दिवसाचा गल्ला मिटविताना संगणक हिशेबाची प्रत बाहेरच्या साठवणीत पाठवू लागे आणि त्याच वेळी कॅमेऱ्यांचे चित्रणही निघे. कित्येक जोडण्यांत बाहेर पाठविण्याची क्षमता आत येण्याच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी असते. जी.७११ पद्धतीच्या एका संभाषणाला एका दिशेने शंभर किलोबिटदेखील लागत नाहीत. पण अवजड फायलींच्या मागे उभे राहिल्यावर त्या छोट्या पाकिटांची गत बँकेत दहा वह्या भरून घेणाऱ्या खातेदारामागे उभ्या असलेल्या, केवळ शिल्लक विचारणाऱ्या वृद्धासारखी होते.

उपायही बँकेच्या खिडकीसारखाच: ज्येष्ठांसाठी वेगळी रांग. राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम देता येतो आणि एकूण बाहेर जाणारा ओघ जोडणीच्या क्षमतेपेक्षा किंचित खाली बांधून ठेवता येतो, म्हणजे रांग आपल्या ताब्यातील यंत्रातच लागते. ही व्यवस्था प्रत्येक ठिकाणच्या राउटरवर करावी लागते, कारण प्रत्येकाची सत्ता आपल्या दारातून बाहेर पडणाऱ्या मालावरच असते. सार्वजनिक इंटरनेटवर आपला अग्रक्रम कोणी मानीलच असे नाही. तशी हमी हवी असेल, तर पुरवठादाराशी लेखी करार असलेली खास जोडणी घ्यावी लागते. पेढीने प्रतीचे काम रात्री अकरावर ढकलले, अग्रक्रम लावला, आठवडाभर त्याच वेळी त्याच हाका मारून पाहिल्या आणि मगच वही बंद केली. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम पाळला, म्हणून गुण कशाने आला हेही कळले.

प्रत्येक दुकानी हेच कारण असेल असे नाही. तूट दिवसभर असेल आणि काम वाढताच वाढत असेल, तर सडलेली केबल, सैल जोड किंवा तारेच्या दोन टोकांच्या यंत्रांची न जुळणारी मांडणी यांचा संशय घ्यावा. स्विचमधील चुकांची मोजणी ते सांगते. शेजारच्या दहा दुकानांचे वायफाय एकमेकांवर आदळत असेल, तर दूरध्वनी तारेनेच जोडावा. आवाज एका बाजूने मुळीच येत नसेल, तर तूट शोधण्याऐवजी राउटरची सुरक्षाभिंत तपासावी. पावसाळ्यातच तक्रार येत असेल, तर तांब्याच्या तारेच्या जोडात पाणी शिरले असण्याचा संभव असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. गांधी मार्केट आणि शीवच्या सखल भागात पाणी साचणे आजही नवे नाही. तेथे ही यंत्रे जमिनीवर ठेवणे म्हणजे रोकड पायरीवर ठेवणे होय.

दोष सापडला त्या रात्री धाकट्या शेठांनी गोदामात दूरध्वनी केला. क्षमा मागणे त्यांना जड जात होते. त्यांनी दुसऱ्या दिवशीची मागणी सांगितली, “साठ तागे.” पलीकडून मुनीमजींचे उत्तर आले, “साठ. सहा दाहे साठ. बरोबर, शेठ?”

तेव्हापासून तिन्ही ठिकाणी प्रत्येक आकडा असा उलट म्हणून दाखविण्याचा शिरस्ता पडला. शेठांनी क्षमाही मागितली. दूरध्वनीवरून मात्र नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी भिवंडीस जाऊन.