महामार्ग आधी, नावघाट कधी?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला व एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह पुरात गडप झाल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. तेव्हा शासनापाशी पैसा नाही, यंत्रणा नाही, हे रडगाणे खोटे आहे. तो पूल मुंबई-गोवा महामार्गावर होता, एवढेच त्या तातडीचे रहस्य!

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली. नावेत माणसे जास्त होती, असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी दुसरी नाव का नव्हती याचे उत्तर द्यावे. त्याच पुरात शिरोलीजवळचे पाणी ओसरू लागताच महामार्गावरून मालमोटारी सोडण्याची धडपड झाली. ती गैर नव्हे. कोल्हापूरला गॅस-पेट्रोल हवेच होते. परंतु मालाचे अभिसरण थांबले की सरकार जागे होते. शेतमजुराचा रोज बुडाला, दूध संकलन केंद्रापर्यंत पोहोचले नाही, तर ते नुकसान कोणत्याच हिशेबात धरले जात नाही.

रस्तादुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच नदीकाठच्या गावांच्या नावा, पगारी नावाडी व जीवरक्षक जाकिटे यांची तरतूद झाली पाहिजे, आणि तीही मृगापूर्वी. कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हा परिषदेच्या दारात नेऊन बसावे.