भरतीची धाव आणि दुखरा पाय

पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी आपल्या वस्तीतली मुलं-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत सराव करतात. पाय दुखला की घरची माणसं म्हणतात, "होईल सवय." आम्हाला हे पटत नाही.

सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाच ठणकत असेल, तर बहुधा तळव्याच्या जाड पट्ट्यावर ताण आलेला असतो. काही दिवस धावणं थांबवा. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं शेका, पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम करा. नंतर मातीच्या मैदानावर हळूहळू अंतर वाढवा.

हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, सूज असेल, लंगडावं लागत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सरकारी दवाखाना गाठा. सुरुवातीच्या एक्स-रेत ती चीर अनेकदा दिसत नाही. दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवा. गोळी खाऊन धावलं तर चीर वाढते आणि भरतीच हुकते.

क्लासच्या फीसारखे बुटांचेही पैसे बाजूला काढा. दुखऱ्या पायाला विश्रांती देणाऱ्या मुलीला आळशी म्हणू नका. तीही भरतीचीच तयारी करते आहे.