सकाळचा कठीण प्रहर

विषाद आणि चिंता या जोडव्याधीने ग्रासलेल्या माणसाला दिवसातील सर्वांत दुस्तर प्रहर कोणता, असे कोणी मला विचारले, तर मी निःशंकपणे सकाळ असेच उत्तर देईन. कारण रात्री निद्रा यथातथाच लाभलेली असली आणि पहाटे विनाकारण जाग येऊन छातीत धडधड सुरू झालेली असली, तरी अंधारात जगाचा आपल्यामागे काही तगादा नसतो. परंतु शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली, की दात घासणे, स्नान करणे, अशी जी कर्मे इतरेजन सहज उरकून टाकतात, ती आम्हांला डोंगराएवढी वाटू लागतात. हे जडत्व पुष्कळ रुग्णांत सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस कलताना ओसरते, ही गोष्ट वैद्यकास अपरिचित नाही. घरच्यांना मात्र ती ठाऊक नसल्यामुळे, सायंकाळी माणूस चार शब्द हसून बोलला, की सकाळचे ते सोंगच होते, असा निवाडा होऊन जातो.

‘मन रमव म्हणजे बरे वाटेल’ असे सांगणारे हितचिंतक खोटे बोलत नाहीत. पण रमण्याइतके मन ताब्यात असते, तर तक्रार कशाची होती? १९७० च्या दशकात ओरेगॉन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी असे प्रतिपादन केले, की समाधान देणारे व्यवहार कमी झाले की मन खचते आणि खचलेले मन उरलेसुरले व्यवहारही सोडून देते. म्हणून उपचाराचा आरंभ मनापासून न करता कृतीपासून करावा, उत्साहाच्या मंजुरीची वाट पाहू नये. माझा अनुभव याला दुजोरा देतो, परंतु एका अटीवर : कृती अगदी क्षुल्लक असली पाहिजे. स्नान झेपत नसेल तर हातपाय धुऊन कपडे बदलावेत; स्वयंपाक होत नसेल तर दहीपोह्यांवर भागवावे; फिरायला जाणे अशक्य असेल तर खिडकी उघडून उन्हात बसावे, आणि एवढेही घडले तर त्या दिवसाची हजेरी लागली असे समजावे. चिंतेचा विकार असलेल्याने दुपारनंतरचा चहा टाळलेला बरा, कारण त्यातील कॅफिनने धडधड आणि जागरण दोन्ही वाढू शकतात. (चहाविरुद्ध लिहिणे महाराष्ट्रात काहीसे धाडसाचेच आहे, याची मला जाणीव आहे.)

औषधाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. विषादावरील गोळ्यांचा गुण दिसण्यास बहुधा काही आठवडे जातात, मळमळ, बेचैनी यांसारखे उपद्रव मात्र आधीच जाणवू लागतात, आणि या मधल्या मुदतीत कित्येकांचा धीर सुटतो. उलट ज्यांना गुण येतो, ते ‘आता काय गरज’ म्हणून गोळी एकदम बंद करतात, तेव्हा चक्कर, अस्वस्थता आणि पुष्कळदा तोच आजार पुन्हा दाराशी येतो. गोळी कमी करावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, क्रमाक्रमाने. आपल्या घरांत रक्तदाबाची गोळी पाहुण्यांदेखत मागून घेतली जाते, पण ही गोळी कपाटात साड्यांच्या घडीखाली दडवली जाते; मी माझी दात घासण्याच्या ब्रशाशेजारी ठेवतो, म्हणजे विसर पडत नाही आणि लपवाछपवीचे श्रमही वाचतात.

घरातल्यांना माझी विनंती एवढीच, की अंघोळ झाली का, अशी उलटतपासणी न करता पाणी तापवून ठेवावे आणि उपदेश न करता जवळ बसावे.

मात्र जगणेच नकोसे वाटू लागले, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार मनात घोळू लागले, तर दिनचर्येच्या बंदोबस्तावर विसंबू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध असून, तेथे मराठीतही बोलता येते. १४४१६ हा तिचा क्रमांक वाचकांनी आजच घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.