पंप विकण्याआधी आवाज ओळखा, आणि ओळखण्याचे पैसे घ्या

व्हिडिओत आपण बोलेरोच्या स्टिअरिंगचा तो 'घूंऽऽ' आवाज ऐकला आणि तो कसा गेला तेही बघितलं. इथे त्याच्या मागचा धंदा बोलूया, कारण तुमच्यापैकी बरेच जण गॅरेज टाकायच्या तयारीत आहेत.

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. काउंटरवर कोणी ना कोणी येतंच, "दादा, पॉवर स्टिअरिंगचा पंप द्या." मी विचारतो, बेल्ट बघितला का? टाकीत फेस आहे का? उत्तर ठरलेलं: "आवाज येतोय म्हणजे पंपच गेला." आता पंप विकला तर मला क्लॅम्पपेक्षा जास्तच सुटतात, ते काही मी लपवत नाही. पण आवाज राहिला की तोच पंप ऑइलने माखून परत काउंटरवर येतो, आणि बसवलेला माल कंपनी सहसा परत घेत नाही. मग गिऱ्हाईक मेकॅनिकशी भांडतं, मेकॅनिक माझ्याशी.

माझं मत स्पष्ट आहे. गॅरेजवाल्याचा खरा माल म्हणजे निदान. पार्ट तर गिऱ्हाईक ऑनलाइनही मागवतं.

पहिला प्रश्न, गाडीत पंप आहे का? हसू नका. स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, तिथे ऑइलही नाही आणि पंपही नाही. बोलेरो, सुमो, इनोव्हा या हायड्रोलिकवाल्या. आणि खड्ड्यात 'खट् खट्' वाजत असेल तर दोन्हीकडे पंपाचा विषयच सोडा. टाय रॉड एंड, रॅकचा बुश, कॉलमखालचा जॉइंट बघा.

सकाळी गाडी चालू करताना किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर 'चीं' ओरडत असेल तर बेल्ट. इंजिन चालू असताना बेल्टच्या दातेरी बाजूवर लांबूनच थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. क्षणभर थांबला तर पुली एका रेषेत नाहीत. हात आणि शर्टाची बाही मात्र लांब ठेवा. शेवटच्या टोकाला वळवून धरल्यावर थोडा 'स्स्स' आवाज येतो, तो रिलीफ व्हॉल्व्हचा. तो आजार नाही. टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, एवढं ड्रायव्हरला सांगा.

आता खरा घूंऽऽ. इंजिनच्या वेगाबरोबर वाढतो, वळवताना आणखी वाढतो. बहुतेक वेळा ऑइल कमी असतं किंवा ऑइलमध्ये हवा असते. पॉवर स्टिअरिंग ऑइल खात नाही. टाकीत कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय: रॅकचे रबरी बूट, प्रेशर होजचा जोड, पंपाचं सील. नुसतं टॉप-अप करून गाडी सोडलीत तर ती महिन्याभरात परत दारात उभी. दुसरी गंमत सक्शनच्या बाजूची. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाचा क्लॅम्प ढिला किंवा ओ-रिंग कडक झालेली असली की खाली एक थेंब न पडताही पंप हवा ओढतो. ऑइल दुधासारखं फेसाळ दिसतं. इथेच चांगला पंप फुकट बदलला जातो.

फेस दिसला तर आधी हवा शिरायची जागा बंद करा. मग पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, टाकीतली पातळी सांभाळत राहा. बुडबुडे थांबले की मगच स्टार्टर मारा. ऑइल टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. "लालच आहे ना, चालतंय" या विचाराने चुकीचं ऑइल टाकलं की सील जातात. हे सगळं करूनही आवाज राहिला, तर प्रेशर गेज लावा आणि मग पंपाचं नाव घ्या. पंप बदलताना टाकीची जाळी साफ करा, जुनं ऑइल पूर्ण काढा, नाहीतर जुन्या पंपाचा लोखंडी चुरा नव्या पंपात जातो.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ घालवायचा आणि बिल एका क्लॅम्पचं? म्हणूनच सांगतो, तपासणीचा दर फलकावर लिहा. समजा ३०० रुपये. "काम दिलं तर तपासणी फ्री" असं लिहू नका. सगळीकडे हा फलक दिसतो आणि मला तो पटत नाही. फ्री म्हटलं की तुमचा अर्धा तास तेव्हाच वसूल होतो जेव्हा काहीतरी मोठं काम निघतं. मग मन आपोआप मोठं काम शोधायला लागतं. माणूस वाईट नसतो हो, हिशेबच तसा लावलेला असतो.

तालुक्याच्या गावात नव्या गॅरेजला कोण ३०० देणार, हा आक्षेप मला मान्य आहे. सुरुवातीला ओळखीच्या माणसाकडून नका घेऊ. पण बिलावर "तपासणी ३००" लिहा आणि खाली सूट दाखवा. बीबीएला कॉस्टिंगच्या तासाला शिकवतात ते हेच, न लिहिलेला खर्च कुणाला दिसत नाही.

आणि गिऱ्हाईक कोण आहे तेही बघा. वडापवाल्याची गाडी लग्नसराईत एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली, हप्ता मात्र चालू. त्याला दुपारपर्यंत खरं कारण कळून गाडी रस्त्यावर आली, तर तो ३०० रुपयांवर घासाघीस करत नाही. उलट, गळणारा प्रेशर होज तसाच सोडलात आणि तो घाटात फुटला, तर भरल्या गाडीचं स्टिअरिंग एकदम जड होतं. असा होज दिसला की जॉब कार्डवर लिहून ड्रायव्हरची सही घ्या, तो "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाला तरी.