लिफ्ट निघाली की लाइट डिम: दोष खरंच नव्या मीटरचा का?

राज्यात जुने मीटर काढून स्मार्ट, म्हणजे महावितरणच्या भाषेत टीओडी मीटर बसवले जातायत. बिलावरून वाद सुरू आहेच, पण व्यापारी संकुलांत आणखी एक तक्रार ऐकू येते: ‘मीटर बदलल्यापासून लाइट डिम होतायत.’ सोसायटीच्या बैठकीत मग सगळा राग मीटरवर निघतो.

मीटर व्होल्टेज खाली ओढत नाही. त्यातून करंट जातो आणि मोजला जातो, बस. पण मीटर बदलताना वायरी काढून पुन्हा टर्मिनलमध्ये कसाव्या लागतात. तिथला एखादा स्क्रू सैल राहिला, तर त्रास खरा असतो आणि तो ‘त्या दिवसापासून’च सुरू होतो. म्हणजे तक्रार करणारा खोटं बोलत नसतो, फक्त त्याचा आरोपी चुकलेला असतो.

सैल जोड किती महागात पडतो ते बघा. समजा एका जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम झाला. त्यातून १०० अँपिअर गेले की १० व्होल्ट तिथेच गळाले. दिवे थोडे मंदावले एवढंच तुम्हाला दिसेल. पण त्याच जोडावर १००० वॅट उष्णता तयार होतेय, म्हणजे मीटर रूममधल्या बंद पेटीत एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. इन्सुलेशन काळं पडतं, रोध आणखी वाढतो, उष्णताही वाढते. अॅल्युमिनियमची केबल थेट तांब्याच्या बसबारवर कसली असेल, तर हे लवकर होतं. शेवट आगीत होऊ शकतो. एमसीबी यात ट्रिप होत नाही, कारण करंट त्याच्या मर्यादेतच असतो.

त्याहून वाईट म्हणजे सैल न्यूट्रल. त्याची खूण अशी: एका दुकानातले दिवे मंदावतात त्याच वेळी शेजारच्या दुकानातले जास्त प्रखर होतात. असं दिसलं तर वाट बघू नका, मेन बंद करा. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल पूर्ण तुटला की कमी लोड असलेल्या फेजवरचं व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढतं, आणि कॉम्प्युटर, फ्रीज, टीव्ही एका फटक्यात जातात. न्यूट्रलवरचा ताण आता वाढलाय तेही लक्षात घ्या. कॉम्प्युटर आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हर तिसऱ्या क्रमाचे हार्मोनिक्स तयार करतात. तीन फेजचे हे हार्मोनिक्स न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. जुन्या इमारतीत न्यूट्रलची केबल फेजच्या निम्म्या जाडीची टाकलेली असेल, तर विचारायलाच नको.

आता शोध कुठून सुरू करायचा? परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि संध्याकाळी, सगळे एसी चालू असताना मोजायला सांगा. सकाळी रिकाम्या इमारतीत सगळं ‘ओके’च दिसतं! दोन ठिकाणी एकाच वेळी रीडिंग हवं: मीटरच्या इनकमिंगला आणि मजल्यावरच्या डीबीमध्ये. मीटरपाशी २३२ आणि डीबीत २१४ आलं, तर १८ व्होल्ट तुमच्याच वायरिंगमध्ये हरवतायत. मीटरपाशीच २१२ असेल, तर गोष्ट वीज कंपनीकडे जाते. १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आलेली मर्यादा सहा टक्क्यांची आहे, म्हणजे २३० वर खालची बाजू सुमारे २१६ व्होल्ट. तक्रारीसाठी १९१२ आहे. तिथे काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच.

फक्त लिफ्ट किंवा पंप सुरू होतानाच झटका बसत असेल, तर गोष्ट वेगळी. थेट सुरू होणारी मोटर क्षणभर तिच्या नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. १० एचपीच्या मोटरला एरवी १५ अँपिअरच्या आसपास लागतात, सुरू होताना ९० च्या पुढे. व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर लावला की हा त्रास बराच कमी होतो, आणि लिफ्टची फीडर केबल दिव्यांपासून वेगळी असायलाच हवी. पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवताना सगळे एकाच फेजवर टाकण्याची चूकही होते. ७.४ किलोवॅटचा एक चार्जर एकटाच ३२ अँपिअर घेतो.

दुकानदार या सगळ्यावर स्टॅबिलायझर लावतात. सैल जोडावर तो औषध नाही, उलट त्रास वाढवतो: व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो आणि जोड अजून तापतो.

आणि गंमत म्हणजे, ज्या मीटरला शिव्या पडतायत तोच इथे साक्षीदार होऊ शकतो. स्मार्ट मीटर ठरावीक अंतराने व्होल्टेज नोंदवतो, त्या नोंदी कंपनीकडे लेखी मागा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्या सरासरी असतात. लिफ्टचा अर्ध्या सेकंदाचा झटका त्यात दिसणार नाही. त्यासाठी दोन-चार दिवस पॉवर क्वालिटी अॅनालायझर लावावा लागतो. त्याआधी थर्मल कॅमेऱ्याने मीटर रूमचे सगळे जोड बघून घ्या, खर्च कमी आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.